चिपिंग कॅम्डनमधलं दगडी घर : दरजांमधलं सिमेंट काढता काढता घर कळत गेलं

माळवद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली. रंगाचे पोपडे सुटले, खालच्या कपाटात डाळीच्या बरणीखाली बुरशीचं वर्तुळ उमटलं. ओल घालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन भिंतीला यंत्राच्या दोन सुया टोचून गेला. म्हणाला, भिंतीत भोकं पाडून रसायन भरू, आतून जलरोधक गिलावा करू. मग शेजारच्या आजींनी एका म्हाताऱ्या गवंड्याचा नंबर दिला. तो आला तो आत न येता बाहेरच भिंतीपाशी उकिडवा बसला. खिशातून जुना स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने दोन दगडांमधल्या करड्या रेघेवर टोकलं. टणत्कार झाला. मग तेच टोक शेजारच्या दगडावर ओढलं, तर पिवळी भुकटी त्याच्या बुटावर सांडली. "भरणा दगडाहून टणक आहे," तो म्हणाला. "उलटं हवं होतं."

त्या एका वाक्याने आमचा हिवाळा व्यापला. म्हणून हा धागा.

आधी घराबद्दल. गाव चिपिंग कॅम्डन, ग्लॉस्टरशायर, कॉट्सवोल्ड्सच्या उत्तर अंगाला. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, आपल्याकडे गावाच्या नावाला 'पेठ' लागते तसंच. गाव मोठं झालं ते मेंढ्यांच्या लोकरीवर. हाय स्ट्रीटवर विल्यम ग्रेव्हल या लोकरीच्या व्यापाऱ्याचं १३८० च्या सुमाराचं घर अजून उभं आहे. सेंट जेम्स चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर जो पितळी पत्रा आहे, त्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल म्हटलंय. आमचं घर अशा बड्या माणसाचं नाही. ते आतल्या गल्लीत, सतराव्या शतकाच्या अखेरचं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या अर्ध्या छपरात शिरलेल्या. सरकारच्या संरक्षित यादीत ग्रेड टू.

दगड ऊलाइट जातीची चुनखडी. भिंग लावलं की माशाच्या गाभोळीसारखे गोल दाणे दिसतात. उथळ, उबदार समुद्रात शिंपल्याच्या कणाभोवती चुन्याची पुटं चढत चढत ते बनले, सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे या दगडापुढे लहानच. लोखंडाच्या अंशामुळे रंग मधासारखा. गावाच्या वरच्या अंगाला वेस्टिंग्टनची खाण आहे. तिथला दगड गावभर दिसतो.

भिंत जवळजवळ दोन फूट जाड, पण एकसंध नाही. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये बारीक दगड आणि चुन्याचा भराव. दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून अधूनमधून आरपार लांब दगड घातलेले. कोपरे आणि खिडक्या तेवढ्या घडीव. खाली फरश्या, त्या सरळ मातीवर.

मधल्या खोलीतलं चुलाण एवढं मोठं की आत दोन माणसं बसतील. त्याच्या मागच्या भिंतीचे दगड बाकीच्या घरासारखे पिवळे नाहीत, गुलाबी आहेत. तीनशे वर्षं धग लागून दगडातलं लोखंड लाल झालंय. वरच्या ओकच्या तुळईवर ज्योतीने मुद्दाम जाळलेल्या थेंबाच्या आकाराच्या खुणा आहेत, घराला आग लागू नये म्हणून केलेला तोडगा असावा असं अभ्यासक मानतात. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा आजीने दाराच्या चौकटीवर लावलेली हळदीकुंकवाची बोटं आठवली.

आता मुख्य प्रश्न. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या आहेत. त्या काढून चुन्याने भरायच्या म्हणतो गवंडी. इथे कुणी चुन्याचं काम केलंय का? काय सांभाळायचं?

---

सह्यकडा

माळवद ताई, सुंदर लिहिलंय. पण मी तीस वर्षं बांधकामात आहे, म्हणून स्पष्ट विचारतो. ओल जमिनीतून वर येतेय, तर जोत्याशी ओलरोधक थर हवाच. आणि सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी मजबूत असताना ते काढून कमकुवत माल का भरायचा? पाऊस आत येणार नाही का? नाशिकला आम्ही जुन्या घरांना सिमेंटनेच दरजा भरून दिल्या, लोक समाधानी आहेत. तुमचा खर्च वाया जाऊ नये एवढीच इच्छा.

---

माळवद

सह्यकडा दादा, मी हेच प्रश्न त्याला विचारले होते. त्याने उत्तर दिलं नाही, सिमेंटचा एक तुकडा काढून दाखवला. छिन्नीने दरज उचकटली तेव्हा ती पट्टी हातभर लांब अखंड निघाली. तिच्या मागे बोट घातलं तर आतला जुना चुना ओला गच्च, लोण्यासारखा. पाऊस होऊन पाच दिवस झाले होते!

मला समजलं ते असं. हा दगड पाणी पितो. तुमचा नाशिकचा बेसॉल्ट जवळजवळ पीत नाही, हा पितोच. पावसाळी आठवड्यात भिंत भिजते आणि वारा सुटला की वाळते, मात्र ती वाळते मुख्यतः दरजांतून, कारण चुना दगडापेक्षा अधिक सच्छिद्र. दरजेला सिमेंटचं झाकण बसलं की पाण्याला बाहेर पडायला दगडाचं तोंडच उरतं. मग त्या तोंडाशी क्षार साठतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. आमच्या भिंतीवर काही ठिकाणी दगड आत गेलाय आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आल्यात. सिमेंटला बारीक चीर पडतेच, भिंत थोडी हलते ना. त्या चिरेतून पाणी आत जातं, पण परत बाहेर येत नाही.

आणि पाणी जमिनीतून येतच नव्हतं, निदान मुख्यतः तरी. त्याबद्दल पुढे लिहिते.

---

गारगोटी

मी पुण्यात जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करते. माळवद, तुमचा गवंडी खरा कारागीर आहे, त्याला धरून ठेवा.

सह्यकडा, तुमच्या 'मजबूत' या शब्दापाशी थांबूया. दगडी भिंतीत सगळ्यांत मऊ घटक दरज असावी लागते. झीज कुठेतरी होणारच, मग ती दरजेची होऊ दे. दरज पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येते, दगड पुन्हा आणता येत नाही. बेसॉल्टच्या घरांवर सिमेंट खपून गेलेलं दिसतं ते दगडाच्या टणकपणामुळे. तरीही वाड्यांच्या विटा आणि आतला मातीचा भराव त्याने कसा कुजतो ते मी दर पावसाळ्यात बघते.

चुन्याबद्दल मला कायम आश्चर्य वाटत आलंय. हीच चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी टाकलं की तो उकळून फुटतो, मग मुरवायचा. दरजेत भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे माळवद, तुमच्या घरात दगड आणि दरज ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत. आपल्या वाड्यांच्या कामात चुना घाण्यात मळायचे, दगडी चाक आणि बैल, शिवाय गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी. तिकडे गिलाव्यात जनावरांचे केस घालत, तडा जाऊ नये म्हणून.

सांभाळायचं ते असं. सिमेंट काढताना ग्राइंडर नको, दगडाच्या कडा कापल्या जातात. हातोडी आणि अरुंद छिन्नी. जिथे फार घट्ट बसलंय तिथे राहू द्या, स्वतःहून सैल होईपर्यंत. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी. भरण्याआधी दरज पाण्याने भिजवा, कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना भुसभुशीत राहतो. पारा ५ अंशांखाली जात असताना हात लावू नका. भरल्यावर ओलं गोणपाट टांगा, ऊन-वारा थेट लागू देऊ नका. आणि चुना दगडावर फासू नका! दरज दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत, वर ब्रशच्या केसांनी टोकून खरखरीत केलेली.

---

जांभाचिरा

राजापूरहून. गारगोटी ताईंचं वाचून एक विचारतो. आमच्याकडे जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, मग हवेवर टणक होतो. या चुनखडीचंही असंच आहे का?

---

माळवद

हो, अगदी तसंच. खाणीतून ताजा काढलेला दगड ओला असतो, त्या ओलीला इथले लोक खाणीचा रस म्हणतात. तेव्हा करवतीने कापता येतो, बारीक नक्षी कोरता येते. रस वाळताना आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन साल टणक होते. म्हणूनच तारेच्या ब्रशने दगड घासून 'नवा' करणं वाईट, ती साल जाते.

आणखी एक गोष्ट गवंड्याने शिकवली. दगड खाणीत ज्या बाजूवर निजलेला होता त्याच बाजूवर भिंतीत निजवायचा. थर आडवे राहिले की वरचं वजन ते दाबून धरतं. उभे लावले तर पुस्तकाची पानं सुटावीत तसे पापुद्रे सुटतात. आमच्या मागच्या भिंतीत असा एक उभा लावलेला दगड आहे, कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीतला. शेजारचे सगळे धड, तो एकटा बोटभर खचलाय.

---

लेस्टरकर

किती छान धागा! आम्ही दोन वर्षांपूर्वी कॅम्डनला आलो होतो. तो कमानींचा बाजार, त्याची खालची खडबडीत फरसबंदी, मुलं तिथे पळत सुटली होती. त्याबद्दल लिहा ना. आणि या घरांच्या खिडक्या एवढ्या लहान का? खिडक्यांवर कर होता म्हणून ना?

---

माळवद

तो बाजार १६२७ चा. सर बॅप्टिस्ट हिक्स या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने बांधून दिला, लोणी, चीज, कोंबड्या विकायला बसणाऱ्या लोकांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून. चर्चजवळचे १६१२ चे निराधार वृद्धांचे निवासही त्याचेच. १९४० च्या दशकात ती इमारत विकली जाऊन अमेरिकेत जाणार होती. गावाने वर्गणी काढून ती आधी विकत घेतली आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. हे वाचल्यापासून मी त्या कमानींखालून जाताना हात लावल्याशिवाय जात नाही.

खिडक्यांचं मात्र कर हे कारण नाही. तो कर १६९६ ते १८५१ होता आणि सुरुवातीला वाढीव भार दहापेक्षा जास्त खिडक्या असलेल्यांवर पडे. आमच्या घराला एवढ्या खिडक्या कधीच नव्हत्या. खरं कारण दगडात आहे. चुनखडी दाब सोसते, ताण सोसत नाही. वरची दगडी पट्टी लांब केली की मध्ये तडकते. म्हणून मध्ये दगडाचे उभे दांडे ठेवून खिडकी अरुंद फटींमध्ये वाटतात, दोन किंवा तीन. दांड्यांच्या कडा तिरप्या तासलेल्या, त्यामुळे अरुंद फटीतूनही उजेड पसरून आत येतो. काचही महाग, छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत ओवलेले.

त्या खिडकीच्या वर दगडाची एक पुढे आलेली भुवई असते, दोन्ही टोकांना खाली वळलेली. मला ती शोभेची वाटायची. मार्चमधल्या एका पावसात मी छत्री धरून समोर उभी राहिले आणि पाहिलं. भिंतीवरून ओघळत येणारं पाणी भुवईवर अडतं, तिच्या खालच्या खाचेमुळे आत वळू शकत नाही, टोकांकडे सरकतं आणि वळलेल्या टोकावरून थेंब थेंब खिडकीच्या बाहेरच्या अंगाला पडतं. खिडकीचा दगड कोरडा. अर्धा तास मी तेच बघत होते. आणि जिथे ती भुवई सिमेंटने 'दुरुस्त' केली होती तिथे खाच बुजलेली, पाणी सरळ मागे वळून चौकटीत शिरत होतं.

---

वाटसरू

छपराबद्दल कुणीच बोलत नाही! या घरांचं खरं वैशिष्ट्य तिथेच आहे, छप्परसुद्धा दगडाचं.

---

माळवद

वाटसरू, बरी आठवण केलीत. घराचा सगळा आराखडा मुळी छपराने ठरवलाय.

कौलं म्हणजे पातळ थरांत सुटणाऱ्या चुनखडीच्या पाट्या. ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोन्सफील्ड गावी त्यासाठी दगड काढून हिवाळाभर ओला ठेवत. कडाक्याच्या थंडीत थरांमधलं पाणी गोठलं की दगड आपोआप पाट्यांत फुटे. म्हणजे जी थंडी आमच्या भिंतीचे पापुद्रे काढते, तीच तिथे कारागिराच्या कामी लावली होती.

पाट्या जाड, वेड्यावाकड्या, थोडं पाणी पिणाऱ्या. पाणी त्यांच्यावर रेंगाळता कामा नये, म्हणून उतार ५० अंशांच्या आसपास. कोकणातल्या पाख्यांनाही इतका उतार नसतो ना, जांभाचिरा? एवढ्या उभ्या छपराखाली घर रुंद केलं तर आढं आभाळाला जाईल, म्हणून घर एकाच खोलीएवढं खोल आणि लांबीला वाढणारं. उंच छपराखाली जागा भरपूर मिळाली, म्हणून वर खोल्या. त्यांना उजेड हवा, म्हणून समोरची भिंतच छपरात त्रिकोणी वर चढवून तिच्यात खिडकी. पर्यटक ज्या त्रिकोणी मुखांचे फोटो काढतात ती अशी पाण्याच्या हिशेबातून आली आहेत.

पाट्या ओकच्या खुंट्यांनी रिपांवर टांगलेल्या. सगळ्यांत मोठ्या वळचणीला, वर वर लहान होत जाणाऱ्या, आढ्यापाशी तळहाताएवढ्या. वरचं सगळं पाणी खाली गोळा होतं, तिथे सांधे जितके कमी तितकं बरं. जड पाट्या भिंतीच्या डोक्यावर, हलक्या उंचावर. वजनाने वासे शतकानुशतकं थोडे वाकतात, त्यामुळे छप्पर दुरून लाटेसारखं दिसतं. एकदा माळ्यावर वाशाच्या सांध्याशी टॉर्च धरला तर रोमन आकडे खरवडलेले दिसले. सुताराने जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग वर चढवलं असणार. चौथ्या जोडीवर चार उभ्या रेघा आहेत. मी त्यांवरून बोट फिरवलं.

---

लेस्टरकर

अंगावर काटा आला. ग्रेड टू म्हणजे तुम्हाला आत काहीच बदलता येत नाही का?

---

गारगोटी

मी सांगते. १७०० पूर्वीची, मूळ स्वरूप बऱ्यापैकी टिकलेली इमारत इंग्लंडमध्ये बहुधा यादीत असतेच. १७०० ते १८५० मधल्याही बहुतेक. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टूच आहेत. बदल करता येतात, पण वास्तूचं स्वरूप बदलणार असेल तर आधी संमती. १९९० च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय असं काम करणं हा गुन्हा आहे. संरक्षण फक्त दर्शनी भागाला नाही, आतल्या जिन्याला, तुळईला, फरशीलाही.

यामागचा विचार जुना आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तीच 'जीर्णोद्धारा'विरुद्ध. जुनं खरवडून खोटं जुनं उभारू नका, रोजची डागडुजी करा, एवढं तिचं म्हणणं. आपल्याकडे देवळांना ऑइलपेंट लागतो तेव्हा मला ते रोज आठवतं.

---

वाटसरू

मॉरिसच्या विचाराने भारलेला वास्तुकार सी. आर. ॲशबी १९०२ मध्ये पूर्व लंडनमधल्या आपल्या हस्तकला-संघातले कारागीर, त्यांची बायकामुलं घेऊन याच कॅम्डनमध्ये आला होता. जुन्या रेशीम गिरणीत त्यांचे कारखाने. संघ काही वर्षांतच आर्थिकदृष्ट्या बुडाला, पण चांदीकाम करणारी एक परंपरा त्याच इमारतीत आजही चालू आहे. आणि ब्रॉड कॅम्डनमधलं पडकं नॉर्मन चॅपल ॲशबीने राहण्याजोगं करून दिलं ते आनंद कुमारस्वामींना. भारतीय कलेकडे आपल्याला नव्याने बघायला शिकवणारा माणूस याच दगडांमध्ये राहत होता. माळवद, तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे ते.

---

माळवद

वाटसरू, हे मला माहीतच नव्हतं! रविवारी चालत गेलो. आत जाता येत नाही, खाजगी घर आहे, पण रस्त्यावरून जेवढं दिसलं तेवढं डोळे भरून पाहिलं.

आता ओलीबद्दल लिहायचं राहिलं होतं. बाहेरच्या पायवाटेवर कुणीतरी काँक्रीट ओतलं होतं, त्यावर पुन्हा खडी. त्यामुळे बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वीतभर वर गेली होती. गवंड्याने भिंतीलगतची पट्टी खणली तेव्हा खाली मूळ दगडी फरशी निघाली, भिंतीपासून दूर उतार दिलेली. पावसाचं पाणी पूर्वी तिच्यावरून निघून जायचं. काँक्रीटने ते भिंतीशी अडवून ठेवलं होतं आणि भिंत आत पीत होती. आतून प्लास्टिकचा रंग, बाहेरून सिमेंट. जाणार कुठे?

एप्रिलच्या अखेरीला, थंडी गेल्यावर दरजा भरल्या. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग जाडीभरडी वाळू. त्याने वाळू निवडायला जुन्या दरजेचा तुकडा फोडून आतले कण हातावर घेऊन बघितले होते. आतून प्लास्टिकचा रंग खरवडून चुन्याचा हात दिला. संमतीबद्दल आधीच कौन्सिलच्या वारसा विभागाला पत्र लिहून विचारलं होतं, जसं होतं तसंच करताय तर वेगळी संमती नको असं लेखी आलं.

---

सह्यकडा

माळवद ताई, गारगोटी ताई, मी गेल्या महिन्यात आमच्या मामांच्या वाईच्या वाड्यात गेलो होतो. नदीच्या अंगाच्या भिंतीची दरज खिळ्याने उचकटून पाहिली. वर सिमेंटचा बोटभर थर, मागे चुना, ओला. भिंत आतून खारवलीय ती का, हे मी दहा वर्षं पावसावर ढकलत होतो. माझं आधीचं मत मी मागे घेतो. मुरलेला चुना वाईच्या जवळपास कुठे मिळेल, की स्वतः विरवायचा?

---

गारगोटी

सह्यकडा, आधी सगळी भिंत उकरू नका. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा मोकळा करा, पावसाळा संपल्यावर. जुन्या चुन्याचा खडा मला पाठवा, त्यात विटांची भुकटी आहे का ते आधी बघू. नदीकाठच्या भिंतीत बहुतेक असेल, आणि मग मिश्रण वेगळं होईल. संपर्कातून निरोप टाकते.

---

जांभाचिरा

माळवद ताई, तो खचलेला उभा दगड, त्याचं काय केलं?

---

माळवद

काढला. दोन दिवस लागले. वरच्या दगडांना लाकडी पाचरी दिल्या, भोवतीचा चुना पोखरला आणि तो हळूच बाहेर ओढून घेतला. मला वाटलं फेकणार. त्याने तो गवतावर ठेवून हाताने चाचपला, थर कुठून कसे जातात ते बघितलं, पुढचा कुजका भाग छिन्नीने उडवला आणि आडवा निजेल असा फिरवून, मागची बाजू पुढे करून त्याच खणात बसवला. उरलेल्या फटीत त्याचेच तुकडे चुन्यात दाबले.

जी बाजू आता पुढे आहे ती आजवर भिंतीच्या पोटात होती. शेजारचे दगड करडे, शेवाळलेले, आणि हा ताज्या मधासारखा. त्याच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा शिंपला आहे, वळ्या स्पष्ट दिसतात. गवंडी म्हणाला, दहा-बारा हिवाळ्यांत रंग मिळून जाईल. शिंपला मात्र दिसत राहील, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पडलं की उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर.